बोंबलाच्या डब्याचं झाकण

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. टाळत आलो असं म्हणणंही सौम्यच आहे. विषय त्या बाजूला वळू लागला की मी उठून पाणी प्यायला जायचो. आमच्या घरी तो विषय हसत हसत निघतो, म्हणून तर जास्त अवघड. रडत निघाला असता तर तेव्हाच बोललो असतो. बोललो असतो का? कोण जाणे.

गोष्ट एका डब्याची आहे. तुम्हाला हसू येईल. येऊ द्या.

मी पेणचा. नोकरी नागोठण्याजवळच्या कंपनीत, स्टोअरला. आयुष्य माल मोजण्यात, रचण्यात, झाकून ठेवण्यात गेलं. निवृत्त झालो आणि तीच शिस्त घरच्या किराण्याला लावली. पाकिटातलं काही आणायचं नाही. कापडी पिशव्या घेऊन निघायचं. तांदूळ आणि वाल गडबच्या एका शेतकऱ्याकडून, पोहे सुटे, तेलाला घरचा कॅन. पावसाआधी आगोट भरायची, म्हणजे चार महिन्यांचं सामान घरात घालून ठेवायचं, ही आमच्याकडची जुनीच रीत. पण मी ती अशी मिरवली, जणू मीच काढली. पैसे वाचायचे, कचरा व्हायचा नाही, हे खरं होतं. गल्लीतले लोक विचारायला यायचे. आणि मला विचारलेलं आवडायचं. पुढचं सगळं त्या आवडण्यातूनच आलं.

आमची ही वैतागायची. म्हणायची, "उद्या आमाला पन कागदात गुंडालून माळ्यावर ठेवाल!" मुलाला यातलं काही पडलेलं नव्हतं. मनापासून साथ द्यायची ती एकटी सुजाता, आमची सून. लग्न होऊन फार दिवस झाले नव्हते. तांदळाचं धुवण मिरचीच्या रोपांना घालणं, जुन्या साडीच्या पिशव्या शिवणं, हे तिनं न सांगता सुरू केलेलं.

सगळ्या सामानात माझा लाडका म्हणजे सुक्या मासळीचा डबा. तेलाचा जुना पत्र्याचा डबा, त्याला घट्ट झाकण करून घेतलेलं. आत बोंबील, सुकट, थोडे सोडे. पावसात होड्या बंद असतात, ताजी मासळी परवडत नाही. तो डबा म्हणजे आमचा पावसाळा. झाकण मात्र नुसतं ठेवून भागायचं नाही. कडेकडेनं तळव्यानं दाबत जायचं, शेवटी टप्प असा आवाज यायचा. तो आला की समजायचं — बसलं.

त्या वर्षी श्रावण लागायच्या आदल्या दिवशी सुजातानं डब्यातून बोंबील काढले. उद्यापासून मासळी बंद, म्हणून त्या दिवशी घरात बेत होता. दुपारी कंपनीतला एक जुना सोबती आला. त्याला मी मागच्या खोलीत नेलं, डबा उघडला. "बघ, सगळ्या सामानात एक प्लॅस्टिकची पिशवी सापडली तर सांग." तो वा वा म्हणाला. मला अजून ऐकायचं होतं. इतक्यात बाहेरून चहाची हाक आली. मी बोलता बोलता झाकण वर ठेवलं — नुसतं ठेवलं — आणि बाहेर आलो. घरातल्या कुणी आम्हाला तिकडे पाहिलं नाही. सगळ्या बायका चुलीपाशी होत्या.

मग श्रावण. मग गणपती. डब्याला कुणाचा हात लागायचा प्रश्नच नव्हता. गौरीच्या दिवसांत मागच्या खोलीतून वास यायला लागला. आम्हाला वाटलं उंदीर मेला असेल. ऐन सणात सामान कोण हलवणार? उदबत्त्या जास्त लावल्या. विसर्जन झालं आणि दुसऱ्या दिवशी आमच्या हिनं डबा ओढला. झाकण हातात आलं, न उचकटता, न झगडता. आत पांढरी बुरशी आणि वळवळ. सगळा डबा गेला.

कंपनीत माल खराब झाला की मी पहिला प्रश्न हाच विचारायचो, शेवटचा हात कुणाचा? इथं तो हिनं विचारला.

"श्रावनाच्या आदल्या दिशी बोंबील कुनी काढलं? तूच ना गो?"

"व्हय आई. मीच. पन मी झाकण दाबलं व्हतं... दाबलं असं वाटतंय."

"वाटतंय? किड्यांना पन वाटलंच असंल, दार उघडं हाय, चला!"

मी दारात उभा होतो. मला त्या क्षणी सगळं आठवलं होतं. तो सोबती, ते वा वा, चहाची हाक. "आठवलं नाही" असं म्हणायची सोय माझ्याकडे कधीच नव्हती. एक वाक्य पुरलं असतं. पण सगळं आयुष्य स्टोअर सांभाळलेल्या माणसाकडून झाकण उघडं राहिलं, हे गल्लीत जाणार, लोक हसणार...

गप्प राहिलो असतो तरी एकवेळ चाललं असतं. मी गप्पही राहिलो नाही. पुढे झालो आणि म्हणालो, "जाऊ दे. लहान आहे. शिकेल हळूहळू."

माझ्या चुकीबद्दल मी तिला माफ केलं. आणि ती माझ्याकडे अशा नजरेनं बघू लागली, जणू मी तिला बुडताना वर काढलं. ती नजर मी घेतली. कबुली द्यायची तर याचीच आहे. डबा काय, कुणाकडूनही उघडा राहतो.

डब्यातलं सगळं मागच्या परसात पुरलं ते तिनंच. मला म्हणाली, "बाबा, तुमी नका येऊ, वास लय हाय." त्यानंतर कधी महागाची मासळी घरात आली तर तिच्या ताटात नुसता भात आणि आमटी. "मला नको, पोट जड हाय." सगळ्यांनी ते खरं मानलं. मला खरं कारण कळत होतं. मी काटे बाजूला काढत जेवत होतो.

मग त्याची गंमत झाली. दूध उतू गेलं, नळ चालू राहिला, की कुणीतरी म्हणणार, "झाकण लावलंस का गो?" मुलगा म्हणायचा, पाहुणे म्हणायचे. ती सगळ्यात आधी हसायची. मीही हसायचो. काय करणार होतो? नाही — हा प्रश्न मला विचारायचा अधिकार नाही. करण्यासारखं होतंच.

दोनेक वर्षांनी गल्लीतल्या बायकांच्या बचत गटात एक विचार निघाला. सगळ्या घरांची आगोट एकत्र आणायची, एकाच खोलीत साठवायची आणि वाटून घ्यायची. स्वस्त पडेल, पाकिटांचा ढीग होणार नाही. कल्पना सुजाताचीच. आमच्याच ओटीवर बैठक झाली. एकीनं म्हटलं, किल्ली सुजाताकडेच असू दे. तेवढ्यात आमची ही म्हणाली, "हिच्याकडं? अगो, हिला बोंबलाच्या डब्याचं झाकण लागत नाय, ती काय खोली संबालनार!"

सगळ्या हसल्या. हिच्या मनात वाईट नव्हतं, जीभच तशी होती. सुजाताही हसली आणि म्हणाली, "आई बरोबर बोलतात. दुसऱ्या कुनाला तरी द्या. माझा भरवसा नाय."

माझा भरवसा नाय. मी चार हातांवर रद्दीच्या पिशव्या चिकटवत बसलो होतो. बोटांना खळ लागली होती. मान वर केली नाही. किल्ली दुसरीकडे गेली. गट आजही चालतो, चांगला चालतो, आणि नाव त्या दुसरीचं आहे. सुजाता पोती उतरवून घ्यायला जायची.

पुढे मुलाला रोह्याला काम लागलं, ते तिकडे राहायला गेले. आमची ही वारली. जाताना तिच्या मनात ते तसंच होतं, सून गुणाची, पण झाकणाला विसरभोळी. तिलाही मी खरं सांगितलं नाही.

यंदा मे महिन्यात मी ठरवून रोह्याला गेलो. पेणच्या बाजारातून बोंबील घेतले, कापडी पिशवीत बांधले आणि एसटीत बसलो. वाक्य तयार होतं. नागोठणं मागे पडेपर्यंत मनात घोळवत होतो, अंबा नदीच्या पुलावर ते अगदी सोपं वाटलं होतं.

सुजातानं बोंबलांना पुन्हा एकदा ऊन दाखवलं. संध्याकाळी डब्यात भरले. झाकण ठेवलं, कडेकडेनं तळव्यानं दाबत गेली. टप्प आवाज झाला. ती ओट्यापर्यंत गेली, परत आली, पुन्हा दाबून पाहिलं. नात गोष्टीचं पुस्तक वाचत बसली होती, ती वर न बघता म्हणाली, "आई, झाकण!"

सुजाता हसली. "तुज्या आजीनं घर डोक्यावर घेतलं व्हतं तेवा. पन हे बघ, तुजे आजोबा. एका शब्दानं बोलले नाय मला. सांबालून घेतलं." मग माझ्याकडे वळली. "काय म्हणालात बाबा?"

माझं तोंड उघडलेलं होतं. तिनं ते पाहिलं होतं.

"काही नाही गो," मी म्हणालो. "झाकण छान बसलंय."

सकाळच्या एसटीनं परत आलो. वाक्य मोठं नव्हतं. सुजाता, ते झाकण मी उघडं ठेवलं होतं, तू नाही. मला माफ कर.