खिडकीपाशी चूल

ओल्या चुन्याचा वास आला की उल्हासनगरची ती जुनी लष्करी बराक आठवते. आता तिथे वारसा वास्तूची पाटी आहे. वीसेक वर्षांपूर्वी आम्ही तिथे नाटकाच्या तालमी करायचो.

एका पेंगुळलेल्या दुपारी आम्ही नाटकातल्या प्रसंगासाठी मधोमध तीन विटांची चूल मांडली. तालीम बघत बसलेल्या शेजारच्या सिंधी आजी उठल्या आणि एकेक वीट खिडकीपाशी नेऊ लागल्या.

"बेटा, हमारा चूल्हा इधर था. धुआँ बाहर जाता था."

फाळणीनंतर त्यांचं बिऱ्हाड इथेच होतं, चादरींच्या आडोशाला. त्यांनी खाली बसून नसलेल्या जाळावर फुंकर घातली. तालीम खोळंबली म्हणून मी तेव्हा वैतागले होते.

परवा तिथे नव्या पोरींनी केलेलं आमचं तेच नाटक पाहिलं. चूल खिडकीपाशीच होती. "इथे का?" मी विचारलं.

"पहिल्यापासून इथेच असते," पोरी म्हणाल्या.