रेष नसलेलं गाव

ओमानमधल्या इब्रा गावातल्या भारतीय शाळेत मी सातवीला भूगोल शिकवत होते. भूकंपाचा धडा आला की मुलं पाठ करून मोकळी होत, पण जमीन हलते म्हणजे नेमकं काय, हे त्यांना कळत नसे. म्हणून एक लाकडी मॉडेल करून घ्यायचं ठरवलं.

शाळेची बाकं दुरुस्त करायला समोरच्या वर्कशॉपमधले एक सुतार यायचे. साठीला टेकलेले, लातूरकडचे, फार कमी बोलणारे. इब्र्यात मराठी बोलणारी माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी, त्यामुळे मी त्यांना मामा म्हणायची आणि ते मला बाई.

मी कागदावर चित्र काढून दाखवलं. प्लायवूडचे दोन तुकडे, कडा खडबडीत, एकमेकांना घासत सरकतील असे. वर छोटी घरं.

"हे कशाचं, बाई?"

"भूकंप कसा होतो ते पोरांना दाखवायचंय."

मापं लिहिणारी त्यांची पेन्सिल थांबली. मग म्हणाले, "आधी मला सांगा."

मी उत्साहाने सांगायला लागले. जमिनीचं वरचं कवच अखंड नाही, त्याचे मोठमोठे तुकडे आहेत. ते वर्षाला दोन-चार बोटं सरकतात. कडा एकमेकींत अडकतात, ताण साठत जातो, शेकडो वर्षं साठतो, आणि एक दिवस खडक तुटतो, सटकतो. तो हादरा म्हणजे भूकंप. पुस्तकातला नकाशा उघडून मी ओमानच्या समुद्रातली रेष दाखवली. इथला तुकडा तिथं इराणच्या बाजूखाली घुसतोय.

त्यांनी चष्मा लावला आणि नकाशावर खूप वेळ बोट फिरवलं.

"आमच्या गावापाशी रेषच नाय की."

"नाही. तुमचा भाग तुकड्याच्या मधोमध येतो. पक्का काळा खडक."

"मंग तिथं कसा झाला?"

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. लातूरकडचे, आणि या वयाचे. हे मला आधीच कळायला हवं होतं. मी अडखळत म्हणाले, की खडकाच्या पोटात जुन्या भेगा असतात, कुणाला माहीत नसलेल्या, तिथंही ताण साठतो.

ते बाकावर बसले आणि सांगू लागले. मोठ्या हादऱ्याच्या आधी गावात वर्षभर लहान धक्के बसत होते. लोक अंगणात झोपायचे. त्यांची बायको आणि दीड वर्षाची मुलगीही बाहेरच झोपायची. मग मुलीला सर्दी झाली, अंग तापलं. "मीच म्हनलं, घे तिला आत. आता काय नाय व्हत." स्वतः ते राखणीला शेतावर गेले. पहाटे परत आले तेव्हा गल्ली कुठली आणि घर कुठलं हे कळत नव्हतं. नुसते दगड.

"तर बाई, ते लहान धक्के म्हंजे सांगावाच व्हता ना? शहाण्या मानसाला कळला असता?"

त्यांना दिलासा द्यायची ही संधी आहे, असं मला वाटलं. शिवाय ते खरंही होतं. मी म्हणाले, "नाही हो मामा. लहान धक्के हजार ठिकाणी बसतात आणि आपोआप थांबतात. मोठा येणार की नाही हे कुणालाच सांगता येत नाही, अजूनही नाही. तुमची काही चूक नव्हती."

"कुनालाच नाय?"

"कुणालाच नाही."

"म्हंजे उगंच गेल्या."

मी पुस्तक मिटलं. ते म्हणाले, "इतकी वर्षं मी म्हनत आलो, माझ्यामुळं झालं. तेवढं तरी व्हतं."

मॉडेल त्यांनी आठवड्यात करून दिलं. काम सफाईचं होतं. घरं मात्र केली नव्हती. मी विचारलं नाही.

पुढच्या महिन्यात, दुसऱ्या तासाला, फळ्याशेजारचा नकाशा खिळ्यावर हलू लागला. समुद्रापलीकडचा हादरा, काही सेकंदांचा. शिपायाने घंटा बडवली, "यल्ला, यल्ला, बाहर!" मुलं इंग्रजीत ओरडत, हसत मैदानात धावली. तिथं मुलांची हजेरी घेऊन झाली तेव्हा आठवलं, मामा मागच्या खोलीत बाकं ठोकत होते.

ते तिथंच होते. स्टुलावर बसलेले, हात मांडीवर, वर छताकडे नजर.

"मामा, बाहेर चला. परत येईल कदाचित."

"येईल?"

"सांगता येत नाही."

"तेच की," ते म्हणाले. उठले नाहीत. मी दंडाला धरून ओढलं, तरी नाही. मी मागे सरून दारात उभी राहिले. पुन्हा आत जायचं धैर्य झालं नाही आणि सोडून जाताही येईना. काहीच झालं नाही. मुलं वर्गात परतली.

उन्हाळ्यात त्यांचा व्हिसा संपला, मालकाने वाढवला नाही. निघताना ते शाळेत आले, शाळेच्या हातोडीचा दांडा बदलायचा राहिला होता तो बदलून दिला. मी विचारलं, गावी कोण आहे? म्हणाले, नव्या गावठाणात सरकारने दिलेली खोली आहे, तिथं आपण कधी राहिलोच नाही. त्यांनी नंबर लिहून दिला. मी दोनदा लावला. पहिल्यांदा कुणी उचलला नाही, दुसऱ्यांदा तो नंबर अस्तित्वात नव्हता.

मी खरं तेच सांगितलं होतं. तरी पुन्हा तो धडा शिकवायची वेळ आली तेव्हा मी सातवी सोडून सहावीचे वर्ग मागून घेतले.