थांबा डॉक्टर

आमच्या पलूसच्या डॉक्टरांच्या दवाखान्यात सुई निघत नसे. सुया होत्या, उकळायचं भांडंही होतं, पण त्यावर पांढरं फडकं घातलेलं असायचं आणि ते फडकं उचललं गेलेलं फारसं कुणी पाहिलं नव्हतं. डॉक्टर पेशंटचं मनगट हातात घ्यायचे, डोळे मिटायचे आणि बराच वेळ तसेच बसायचे. नवा माणूस असेल तर त्याला वाटायचं, डॉक्टरांना झोप लागली. मग डोळे उघडून म्हणायचे, "दोन दिवस थांबू." या एका वाक्यावरून गावानं त्यांचं नाव थांबा डॉक्टर ठेवलं होतं. तोंडावर कुणी म्हणत नसे, पण त्यांना ते ठाऊक होतं आणि आवडतही असावं.

ते मूळचे सांगलीचे. गावात येऊन वीसेक वर्षं झाली तरी भाषा शहरातलीच राहिली होती. ऊसपट्ट्यातल्या माणसाला दोन दिवस थांबा म्हणणं म्हणजे त्याच्या तोंडचा घास काढण्यासारखं. पाण्याची पाळी आलेली, तोड चालू झालेली, आणि हा अंगात कणकण घेऊन बाकावर बसलेला. आमचे चुलते सखातात्या एकदा वैतागून म्हणाले, "आवं डॉक्टर, सुई न्हाई तर आमी आलो कशाला? गूळ-पाणी प्यायला?" डॉक्टर शांतपणे म्हणाले, "तात्या, तुमच्या अंगालाही थोडं काम करू द्या की. सगळं मीच करायचं का?" तात्या सांगायचे ते एवढंच. ताप तिसऱ्या दिवशी आपोआप उतरला, हे काही ते सांगायचे नाहीत.

मग समोरच एक तरुण डॉक्टर आला. त्याच्याकडे ट्यूबलाइटची पाटी होती, सलाईनच्या बाटल्या होत्या, छातीवर तारा लावून कागदाची पट्टी काढणारं यंत्र होतं. सकाळी आलेला माणूस दुपारी उसात उभा राहायचा. आमच्या डॉक्टरांच्या बाकावर म्हातारी माणसं, लेकरंवाल्या बायका आणि उन्हानं थकून टेकलेले वाटसरू उरले. काकूंना, म्हणजे डॉक्टरांच्या बायकोला, त्याचं वाईट वाटे. त्या म्हणायच्या, अधूनमधून एखादी सुई टोचायला तुमचं काय जातं? त्यावर डॉक्टर हसायचे. फोन आला तोही त्यांनी आत स्वयंपाकघराशेजारी ठेवून घेतला. टेबलावर का नको, असं मी विचारलं तेव्हा म्हणाले, "घंटी वाजली की नाडी हातातून निसटते. परत सापडते, पण ती मघाची नसते."

मी तेव्हा साताऱ्याला एका कारखान्याच्या ऑफिसात होतो. आमच्याकडे फॅक्स आला होता, पाठोपाठ कॉम्प्युटर आला. पूर्वी पत्र टाकलं की उत्तर येईपर्यंत माणूस सुटायचा. आता उत्तर चहा गार व्हायच्या आत यायचं आणि साहेब कागद हातात धरून टेबलापाशी उभे. काम लवकर होऊ लागलं म्हणून घरी लवकर जाता येईल, असं आम्हाला वाटलं होतं. झालं उलटंच. रात्री छाती जळायची, झोपेत हात चालायचे. एका रविवारी गावी आलो आणि डॉक्टरांसमोर बसलो. त्यांनी नाडी धरली आणि नेमकं माझं नवं घड्याळ टीक टीक करून तास झाल्याचं सांगून गेलं. त्यांनी ते मनगटावरून सोडवलं, टेबलावर पालथं घातलं आणि पुन्हा डोळे मिटले. नंतर म्हणाले, "गोळी देतो, पण खरं औषध वेगळं आहे. रविवारी काही करायचं नाही. काही म्हणजे काही."

ऐकायला सोपं होतं. मी घरामागच्या चिंचेखाली बाजेवर जाऊन बसलो तर आई हातातलं काम टाकून आली. तिनं जन्मात मला असा रिकामा पाहिला नव्हता. "आजारी हाईस व्हय रं?" म्हणाली. डॉक्टरांनी सांगितलंय म्हटल्यावर तिनं कपाळावर हात मारला आणि शेंगा फोडायचं सूप घेऊन माझ्या शेजारी बसली. पुढच्या रविवारीही बसली. हळूहळू सूप यायचं बंद झालं. आम्ही दोघं नुसते बसायचो. ती माहेरचं बोलायची, औंधच्या यात्रेचं बोलायची, बऱ्याचदा काहीच बोलायची नाही. माझ्या आईशी माझी खरी ओळख त्या बाजेवर झाली, आणि ती ओळख मला थांबा डॉक्टरांनी करून दिली.

मग काकूंचं पोट दुखलं.

आई त्या सकाळी ताक घेऊन त्यांच्याकडे गेली होती, म्हणून हे मला कळलं. काकूंनी ओव्याचं पाणी घेतलं होतं, दुखणं थांबत नव्हतं. डॉक्टरांनी पोट दाबून पाहिलं, नाडी धरून बसले आणि नेहमीसारखं म्हणाले, "दोन दिवस थांबू." काकू दुखण्यातही हसल्या. म्हणाल्या, मी काय तुमच्या पेशंटसारखी समोरच्याकडे पळून जायची नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी पोट एकाएकी दुखायचं थांबलं. डॉक्टरांचा चेहरा उजळला. त्यांनी आईला मुद्दाम बोलावून सांगितलं, बघा, थांबल्याचं फळ. संध्याकाळी काकूंना थंडी वाजून ताप भरला. जीप करून सांगलीला नेलं, पण अपेंडिक्स केव्हाच फुटलं होतं. दुपारचा आराम हा त्याच फुटण्याचा होता. तिथल्या तरुण सर्जनला हे स्वतः डॉक्टर आहेत हे माहीत नव्हतं. त्यानं विचारलं, इतका उशीर कसा केलात? काकू गेल्या.

गावानं त्यांना दोष दिला नाही. दिवसकार्याला सगळे गेले, सखातात्या तर तीन दिवस तिथून हलले नाहीत. पण दवाखाना पुन्हा उघडला तेव्हा तिथं दुसराच माणूस बसला होता. भांड्यावरचं फडकं गेलं होतं. डॉक्टरांनी मनगटावर घड्याळ बांधलं होतं आणि फोन टेबलावर आला होता. साधा खोकला असला तरी फोटो काढून आणा, लेकराचं अंग गरम झालं तरी रक्त तपासा, आणि जरा शंका आली की सांगलीची चिठ्ठी. नाडी ते घड्याळाकडे बघून मोजायचे आणि लगेच सोडायचे. गंमत अशी, की बाक पुन्हा भरला. समोरच्याकडे गेलेले लोक परत आले. पारावर म्हणू लागले, "आता कुठं डॉक्टर सुधारले गड्या." मला ते ऐकवत नसे.

माझी जळजळ पुन्हा वाढली तेव्हा त्यांनी मिरजेला जाऊन पोटात कॅमेरा घालून घ्यायला सांगितलं. मी विचारलं, आणि रविवारचं औषध? चिठ्ठीवरून मान वर न करता ते म्हणाले, "ते औषध मी देत नाही आता."

आई आजारी पडली ती नव्वदचं दशक संपत आलं तेव्हा. यकृताची गाठ निघाली. सांगलीच्या हॉस्पिटलात तिला नळ्या लावल्या, रोज कुठल्या ना कुठल्या यंत्राखाली घातलं. शेवटी तिथले डॉक्टर म्हणाले, इथं आता काही होण्यासारखं नाही, पुण्याला नवीन मशीन आलंय, नेऊन बघा. थोरला भाऊ फौजेत, जम्मूकडे. त्याचा फोन आला की तो एकच सांगायचा, "काय लागंल ते कर, पर थांबू नगंस." आई मात्र घरी ने म्हणत होती. मी मधला मार्ग काढला. एक दिवस घरी, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुण्याला. जीप सांगून ठेवली. प्रवासात दुखू नये म्हणून इंजेक्शन द्यायला डॉक्टरांना बोलावलं.

ते बॅग घेऊन आले. पुण्याची चिठ्ठी मी न मागताच लिहून आणली होती, ती माझ्या हातात दिली. आईनं त्यांच्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "डॉक्टर, ह्या पोरांनी मला लय फिरीवलं." त्यांनी इंजेक्शन दिलं. मग तिचं मनगट हातात घेतलं, सवयीनं घड्याळाकडे बघितलं, आणि घड्याळ सोडून खिशात टाकलं. कितीतरी वर्षांनी त्यांनी डोळे मिटले. आईनंही मिटले. मी उंबऱ्यात उभा होतो. आणलेला चहा तसाच गार झाला. मला भीती वाटत होती की ते काही बोलतील, आणि बोलणार नाहीत याचीही तितकीच वाटत होती.

अंगणात आल्यावर त्यांनी ती चिठ्ठी माझ्याकडून परत मागून घेतली. म्हणाले, "थांबू."

जीप परत पाठवली. भावाला फोनवर सांगितलं, आपण थांबतोय. डॉक्टर रोज येत, दुखणं कमी होईल तेवढंच देत आणि बसत. आम्ही आईची बाज चिंचेखाली नेली. रविवार असो नसो, मी काहीच करत नव्हतो. साताऱ्याहून साहेबांचा निरोप आला तो मी वाचला नाही. आई थोडं बोलायची, मग ग्लानीत जायची. एका दुपारी ती बोलता बोलता गप्प झाली आणि पुन्हा बोलली नाही. माझा हात तिच्या हातात होता. एवढं पुण्यात मिळालं नसतं, हे मला आजही वाटतं.

वर्षभरात डॉक्टरांनी दवाखाना बंद केला आणि लेकीकडे सांगलीला निघाले. मी स्टँडवर सोडायला गेलो. सामान फारसं नव्हतंच. खिडकीजवळ बसले, मी खाली उभा. ड्रायव्हर चहा पीत होता. डॉक्टरांनी खिडकीतून हात काढून माझं मनगट धरलं, नाडी बघावी तसं.

"तुझ्या आईच्या वेळी मी थांबू म्हणालो. बरोबर होतं का रे?"

"होतं, डॉक्टर," मी म्हणालो. हे सांगायला मला विचार करावा लागला नाही.

त्यांनी मान हलवली. मग म्हणाले, "आणि हिच्या वेळी?"

त्यांनी घाई केली नाही. बाकावरच्या म्हाताऱ्यांसमोर बसायचे तसे डोळे मिटून उत्तराची वाट बघत राहिले. कंडक्टरनं दोनदा घंटी मारली. गाडी हलली तरी त्यांनी हात सोडला नव्हता. मी खिडकीबरोबर थोडा चाललो, आणि मग मीच मनगट सोडवून घेतलं.