उताण्या मॅडम

किस्से कुणी मुद्दाम साठवत नाही, ते आपोआप साठतात. आमच्या आरोग्य केंद्रात आशांची महिन्याची मीटिंग अकराला ठरलेली असते आणि डॉक्टर ओपीडी संपवून येईपर्यंत बारा वाजून जातात. तेवढ्या वेळात चहा होतो, रजिस्टरं पुरी होतात आणि मग कुणीतरी म्हणतं, "मॅडम, तो तुमचा किस्सा सांगा की." तो म्हणजे कुठला, हे मला विचारावं लागतं. कारण फजिती बहुतेक सगळ्यांत माझीच झालेली असते.

मी गटप्रवर्तक आहे. म्हणजे आशाताईंनी घरोघरी जाऊन बाळ-बाळंतीण बघायची, आणि त्यांनी नीट बघितलं का ते मी बघायचं. राहते मांडवगण फराट्याला. इतकी वर्षं मी प्रामुख्याने एकच वाक्य सांगत फिरते आहे: बाळाला झोपवताना उताणं झोपवा, पालथं नको, कुशीवर नको. एका वस्तीवर मला लांबून येताना बघून एका पोरीनं घरात आवाज दिला, "आये, उताण्या मॅडम आल्या!" तेव्हापासून ते नाव चिकटलं. आमच्या ह्यांच्या मोबाइलमध्येही माझा नंबर त्याच नावानं आहे, हे मला परवा कळलं.

* * *

सुरुवातीला मी 'उताणं' म्हणत नव्हते. ट्रेनिंगमध्ये 'बाळाला पाठीवर झोपवा' असं शिकवलं होतं, आणि नव्या नोकरीत माणूस ट्रेनिंगचे शब्द फार जपून वापरतो. एका वस्तीवर पंधरा-वीस बाया जमवल्या आणि ठणकावून सांगितलं, "वर्षाचं होईपर्यंत बाळाला पाठीवरच झोपवायचं."

मागून एक म्हातारी म्हणाली, "कुणाच्या?"

मी म्हणाले, "बाळाच्याच."

"बाळ बाळाच्याच पाठीवर कसं चढंल?"

बाया पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. मी घाईघाईनं हातानं करून दाखवलं, तोंड वर, पाठ खाली.

"मग उताणं म्हण की," म्हातारी म्हणाली. "शाळा कितवी झाली तुझी?"

मला वाटलं, चला, समजलं एकदाचं. आठ दिवसांनी त्याच वस्तीवर गेले, तर एक नवी आई कांदा खुरपत होती. तिचं बाळ ओढणीनं तिच्या पाठीला बांधलेलं, मान एका बाजूला टाकून गाढ झोपलेलं. मी शाबासकी देईन अशा आशेनं ती म्हणाली, "मॅडम, सकाळधरनं पाठीवरच हाय. खाली ठिवलंच न्हाई."

त्या दिवशी मी दोन नियम केले. एक, 'उताणं' हाच शब्द वापरायचा. दुसरा, काहीही समजावलं की समोरच्याला लगेच उलट विचारायचं: आता तुम्ही सांगा, बाळाला कसं झोपवायचं? माझ्या सगळ्या आशांना हा दुसरा नियम तोंडपाठ आहे. आणि हा किस्सा मी घरी सांगितला तेव्हा माझ्या सासूबाई, ज्यांना मी आत्याबाई म्हणते, दोन दिवस हसत होत्या.

* * *

एक मैत्रीण रजेवर गेली तेव्हा काही महिने मला सणसवाडीचा भाग दिला होता. तिथं कंपन्यांत काम करणारी बाहेरगावची माणसं, भाड्याच्या खोल्यांच्या रांगा, आणि बोलायचं हिंदीत. माझी हिंदी सगळी टीव्हीवरून आलेली.

एका खोलीत बिहारकडची तरुण आई होती. तिला मी सांगितलं, "बच्चे को पीठ पे सुलाना. रोज पीठ पे. पेट पे बिल्कुल नहीं." घरमालकीण आक्का दारात उभ्या राहून मान डोलवत होत्या. मला वाटलं, वा, आज दोघींना एकदम समजलं.

पुढच्या खेपेला आक्का परात घेऊन माझी वाटच बघत होत्या. "बरं झालं आलात मॅडम. पीठ गव्हाचं घ्यायचं का ज्वारीचं? आन् चाळून का तसंच?"

मला काही उमजेना.

"न्हाई, आपल्यात मोहरीची उशी करत्यात ना, डोकं गोल व्हावं म्हणून? तशी यांच्यात पिठाची गादी असंल म्हणलं. परमुलखातली पोर, ती कुठं पीठ मागत हिंडंल?"

बाळाच्या आईला तोवर बरंच मराठी समजायला लागलं होतं. ती हसता हसता खाली बसली आणि म्हणाली, "दीदी, आक्का तो इसकी रोटी बना देंगी."

बाळ मात्र पहिल्या दिवसापासून व्यवस्थित उताणं झोपत होतं. तिला तिच्या गावच्या नर्सनं आधीच सांगून ठेवलं होतं. माझी तिथं गरज होती ती फक्त गोंधळ घालायला.

* * *

मग बाहुलीचं प्रकरण. ट्रेनिंगमध्ये मिळालेल्या बाहुलीची मान तुटली, म्हणून मी दौंडच्या बाजारातून एक नवी, मोठी, गुटगुटीत बाहुली आणली. दुकानदार म्हणाला, सेलवर चालते, आवाज करते. मी खूश. घरी उघडूनसुद्धा बघितली नाही, थेट कार्यक्रमात नेली.

पन्नास बाया, सरपंचबाई, दोन-चार आजोबा. मी मोठ्या दिमाखात बाहुली चादरीवर उताणी ठेवली. बाहुलीनं भोकाड पसरलं. मी तिला थोपटलं. ती आणखी जोरात रडायला लागली. आवाज बंद करायचं बटण शोधायला मी तिला पालथी केली, तर ती एकदम गप्प झाली.

पुन्हा उताणी केली, पुन्हा भोकाड. पालथी केली, गप्प.

एक आप्पा काठीवर हनुवटी टेकून बघत होते. ते म्हणाले, "मॅडम, तुम्ही कशाला दमताय? पोरगं सांगतंयच की."

शेवटी मी सगळ्यांसमोर सेल काढून टाकला आणि भाषण पूर्ण केलं. सरपंचबाईंनी आभार मानताना सांगितलं की मॅडमनी बाळाला गप्प करण्याची नवी पद्धत दाखवली.

* * *

एक गोष्ट मी मीटिंगमध्ये सांगत नाही, कारण त्यात हसण्यासारखं काही नाही. इथं सांगते, नाहीतर बाई एवढी मागे का लागते ते कळणार नाही.

नोकरीच्या पहिल्याच वर्षी माझ्या भागातलं एक दोन महिन्यांचं बाळ गेलं. आजारी नव्हतं. सकाळी आई उठली तेव्हा ते मऊ गोधडीत पालथं होतं. डॉक्टर म्हणाले, नक्की कशानं ते सांगता येणार नाही. मी भेटायला गेले तेव्हा ती आई रडत नव्हती. तिनं मला एवढंच विचारलं, "ताई, मी त्याला कसं झोपवायला पायजे हुतं?"

मला उत्तर येत नव्हतं. ट्रेनिंग नंतर झालं. त्या दिवशी मला स्वतःची फार लाज वाटली, आणि अजूनही वाटते. लोक उताण्या मॅडम म्हणतात त्याचं म्हणूनच मला काही वाटत नाही.

* * *

आता घरचं. माझी लेक पूजा दौंडला दिलेली. तिचं पहिलं बाळंतपण आमच्याकडं झालं आणि नात आली. मला आनंद झालाच, पण त्याच्या जोडीला भीतीही वाटत होती. साऱ्या तालुक्याला सांगून झालं, आता माझ्याच घरात माझं ऐकतील का?

नाहीच ऐकलं. आत्याबाईंनी आपल्या जुन्या मऊ लुगड्याची मोहरीची उशी शिवून तयार ठेवली होती. मी सांगितलं, पाळण्याला फळी सपाट हवी, वर पातळ गादी, त्यात उशी नको, गोधडी नको, खुळखुळासुद्धा नको. त्यांनी ऐकून घेतलं. मी ड्यूटीवर गेले की उशी आत, मी आले की उशी बाहेर. पूजा दोघींच्या मध्ये सापडलेली.

एकदा मी फारच बोलले तेव्हा आत्याबाईंनी पेपर वाचत बसलेल्या आपल्या लेकाकडं बोट केलं. "ह्याला मोहरीच्या उशीवर झोपवला. बघ डोकं. गोल हाय का न्हाई?"

ह्यांनी लगेच टोपी काढून दाखवली. डोकं खरंच गोल आहे, अगदी लिंबासारखं.

मी म्हणाले, "बाहेरून गोल आहे, आत्याबाई. आतलं मी गेली सव्वीस वर्षं बघतेय." ह्यांनी टोपी घातली आणि पेपर घेऊन ओट्यावर गेले.

* * *

बारशाला दौंडहून विहीणबाई आल्या. बाळाला मांडीवर घेतलं, डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "मागनं जरा चपटं वाटतंय."

सगळं घर माझ्याकडं बघायला लागलं. मी समजावून सांगितलं, की सुरुवातीला वाटतं तसं. बाळ जागं असताना समोर बसून थोडा वेळ पोटावर खेळवायचं, झोपवताना मान एकदा या बाजूला, एकदा त्या बाजूला करायची. बसायला लागलं की डोक्याचा आकार बहुतेक वेळा आपोआप सुधारतो, आणि शंका वाटली तर डॉक्टरांना दाखवायचं. सगळं कसं मुद्देसूद सांगितलं.

विहीणबाईंनी शांतपणे ऐकलं, मग पूजाच्या डोक्याकडं बघितलं. "असंल. बघायच्या टायमाला हिचा अंबाडा घातला हुता, म्हणून तवा ध्यानात आलं न्हाई."

* * *

बारशानंतर एका दुपारी आत्याबाई आणि मी मेथी निवडत बसलो होतो. उशी पुन्हा पाळण्यात होती. मला भांडायचा कंटाळा आला होता. म्हणून मी त्यांना त्या बाळाची आणि त्याच्या आईची गोष्ट सांगितली. इतक्या वर्षांत घरी कधी सांगितली नव्हती.

आत्याबाई मेथी निवडतच राहिल्या. मेथी संपली, उठून गेल्या.

दुसऱ्या दिवशी पाळण्यात उशी नव्हती. शोधली तर त्यांच्याच खाटेवर, त्यांच्या डोक्याखाली होती. मी बघतेय म्हटल्यावर म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे. आता माझंच व्हऊ दे गोल."

त्या दिवसापासून आमच्या घरात दोन गटप्रवर्तक झाल्या, आणि त्यातली मोठी जास्त कडक निघाली. येणारा-जाणारा कुणीही पाळण्याशी वाकला की खाटेवरून आवाज यायचा, "उताणंच ऱ्हाऊ द्या तिला." विहीणबाई पुन्हा आल्या तर त्यांना हात धुवायला लावले आणि उलट प्रश्नही विचारला.

* * *

नातीला बेचाळीस दिवस झाले त्या दिवशी मला दौंडला ट्रेनिंगमध्ये बोलायला बोलावलं होतं. विषय अर्थातच माझा. दोन तास बोलले. मोठ्या माणसांनी बाळाला छातीवर घेऊन सोफ्यावर लवंडू नये, झोप कधी लागते ते कळतसुद्धा नाही, हे तर दोनदा सांगितलं. टाळ्या झाल्या, शाल-नारळ मिळाला.

उन्हातून एसटीनं घरी आले. पूजाला अंघोळीला जायचं होतं, तिनं बाळ माझ्याकडं दिलं. मी शाल बाजूला टाकली आणि बाळाला छातीवर घेऊन सोफ्यावर टेकले. दोनच मिनिटं, म्हटलं.

जाग आली तेव्हा छातीवर बाळ नव्हतं. उठून बसले, तर पाळणा हळूहळू हलत होता, बाळ त्यात उताणं, मुठी वर करून झोपलेलं. शेजारी आत्याबाई, पाळण्याची दोरी हातात. आणि खाली सतरंजीवर आमच्या गावची आशा, रेखा, बेचाळिसाव्या दिवसाच्या भेटीचा फॉर्म भरत होती. ती मान वर करेना.

आत्याबाई सांगत होत्या, "लिही. दुपारचं, सोफ्यावर, पालथं. आज्जीच्या उरावर. आज्जी घोरत हुती, ते बी लिही."

"घोरायचा रकाना न्हाई, आजी," रेखा म्हणाली.

"मग कडंला लिही."

रेखानं लिहिलं. मग फॉर्म माझ्यापुढं धरला आणि घसा साफ केला. "मॅडम, हितं ज्याला समजावलं त्याची सही. आन् हितं खाली गटप्रवर्तकाची."

"दोन्ही माझ्याच?"

"रकाने दोन हायत, मॅडम."

मी पेन उघडलं. आत्याबाईंनी फॉर्मवर हात ठेवला. "थांब. आधी उलट विचार तिला. तिचाच नियम हाय."

रेखा सतरंजीकडं बघत म्हणाली, "मॅडम, तुम्ही सांगा. बाळाला कसं झोपवायचं?"

मी झोपेतून उठलेली, गोंधळलेली, तोंडातून ट्रेनिंगमधलाच जुना शब्द गेला. "पाठीवर."

आत्याबाईंनी पाळण्याची दोरी थांबवली.

"कुणाच्या?"