आधी बिघडवून दाखव

साऱ्या जगाचे रस्ते नीट राहावेत म्हणून झटणारा आणि स्वतः मात्र अकोल्याच्या बसस्टँडवरून आपल्या घरी एकदाही सरळ न पोचलेला माणूस पृथ्वीवर एकच असेल, आणि तो माझ्या ओळखीचा आहे. हे लिहिताना मला संकोच वाटतो, कारण आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजात गेलेलं नाही आणि मोठ्या माणसांविषयी कसं लिहितात ते मी कुणाकडे पाहून शिकलेलो नाही. पण संकोचापेक्षा अभिमान जास्त आहे, म्हणून लिहितो. तो माझ्या रूममेटचा मोठा भाऊ. अमरावतीला आम्ही दोघं एका खोलीत राहायचो आणि सुट्टी लागली की तो मला अकोल्याला त्यांच्या घरी घेऊन जायचा. घरात सगळे त्याच्या भावाला भाई म्हणायचे, म्हणून मीही भाईच म्हणू लागलो.

त्यांचं गादी-रजईचं दुकान आहे. भाई इंजिनियर झाला, एका ऑफिसात लागला, पण ऑफिस सुटलं की तो दुकानात येऊन नव्या रजयांच्या थप्पीवर चढून बसायचा, मांडीवर लॅपटॉप आणि भुवयांवर कापूस. तिथं बसून तो काय करतो हे समजायला मला बराच वेळ लागला. इंटरनेटवर एक नकाशा आहे, ज्याला जे ठाऊक तो ते त्यात भरतो. कुणी आपली गल्ली काढतं, कुणी शाळा, कुणी गावाबाहेरची विहीर. ज्या प्रोग्रॅममध्ये हे काढतात त्याला एडिटर म्हणतात, आणि त्यात काही बिघडलं की देशोदेशीच्या लोकांच्या तक्रारी येतात. ते बिघाड, म्हणजे बग, काढणाऱ्या मंडळींमध्ये आमचा भाई आहे, निव्वळ हौसेनं. त्याच्या अब्बांना हे पटायला वेळ लागला. "म्हंजे तू नकाशा काढतो?" असं त्यांनी विचारलं तेव्हा भाई म्हणाला, "नाही अब्बा, नकाशा काढायची पेन्सिल नीट करतो." तेव्हापासून गिऱ्हाइकानं रजयांच्या थप्पीकडे पाहून चौकशी केली की अब्बा अगदी सरळ चेहऱ्यानं सांगायचे, "बडा लडका है. पेन्सिल छीलता है, कंप्यूटर की."

भाईचा एक नियम होता. बिघाड डोळ्यासमोर झाल्याशिवाय तो त्याला हात लावायचा नाही. कुणी म्हणालं की अमुक केल्यावर पूल गायब होतो, तर भाईचं उत्तर ठरलेलं, "आधी बिघडवून दाखव." हा नियम एडिटरपुरता राहिला असता तर घरच्यांना सोसला असता. पण तो भाईच्या अंगात भिनला होता. एकदा अम्मींचा भात खाली लागला आणि त्या हळहळत बसल्या, तर भाई गंभीरपणे पातेल्यात डोकावून म्हणाला, "पुन्हा एकदा लावून दाखवा, मंग कळंल कावून लागला." अम्मी मला म्हणाल्या, "सुना बेटा? चावल जल गया बोली मैं, तो बोलता फिर से जला के दिखाओ!" त्याचा दुसरा नियम असा की एका वेळी एकच गोष्ट बदलायची. चहा कडू झाला तर आज फक्त साखर वाढवायची, बाकी सगळं तसंच. नाही जमलं तर उद्या साखर पहिल्यासारखी आणि पत्ती कमी. पाहुणा दोन दिवस राहिला तर त्याला बिघडलेला चहाच प्यावा लागायचा, आणि तिसऱ्या दिवशी, तो गेल्यावर, चहा फक्कड व्हायचा. मी तो फक्कड चहा एकदाही प्यायलेलो नाही.

आणि रस्ते! भाईला उजवं-डावं कळायचं, पण ते लॅपटॉपच्या पडद्यावर. पडद्याबाहेर आला की तो लहान लेकरासारखा व्हायचा. स्वतःच्या मामाच्या घरी जाताना तो दुसऱ्याच घरी जाऊन बसला, तिथल्या लोकांनी पाहुणा समजून पोहे दिले, ते त्याने खाल्ले, आणि मामी अजून कशी आली नाही म्हणून चौकशी केल्यावर उलगडा झाला. मी हसलो तर म्हणाला, "अबे, पोहे चांगले होते ना? मंग?"

अशा माणसाकडे मी माझं गाऱ्हाणं घेऊन गेलो, ते वर्ष आमच्या भागाला फार वाईट होतं. बोंडअळीनं कापूस खाल्ला होता. पेपरात आमच्या तालुक्याचं नाव एकाच प्रकारच्या बातमीत यायचं, आणि कॉलेजात कुणी "तू कुठला?" विचारलं की मी गावाचं नाव हळू आवाजात सांगायचो. आमचं गाव रिद्धपूरच्या अलीकडे, मोठ्या रस्त्यापासून आत. आत जायला एक पांदण आहे, दोन बाजूंच्या शेतांच्या मधून जाणारी खोलगट वाट. त्या वर्षी आईच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. कापूस वेचताना ती बोंड हातानं चाचपायची आणि काट्यांनी बोटं रक्ताळायची. अमरावतीला चल म्हटलं तर म्हणायची, "एवढ्या मोठ्या गावात मले दिसत नाही तं मी हरपीन." डोळे तपासणारी एक गाडी गावोगाव फिरायची आणि ज्यांना गरज त्यांना सोबत घेऊन जायची. ती आमच्या फाट्यापर्यंत आली आणि माघारी गेली. ड्रायव्हर बाहेरचा होता, मोबाइल पाहून चालवायचा. त्यानं फोनवर सांगितलं, "आगे रास्ता ही नहीं है, नाला है."

नकाशात खरंच फक्त नाला होता. मी कॉलेजच्या कंप्युटरवर बसून तिथं रस्ता काढला. पुढच्या आठवड्यात पाहिलं तर रस्ता नाही. पुन्हा काढला, पुन्हा गेला. नोंदीत एका माणसाचं नाव दिसलं, ते अकोल्याचे निवृत्त गुरुजी होते आणि वऱ्हाडातला एकेक नाला हौसेनं नकाशावर आणत होते. मी त्यांना लिहिलं, "तुम्ही आमचा रस्ता का पुसता?" त्यांचं उत्तर आलं, "चोर तो चोर वर शिरजोर. माझा नाला तुम्हीच पुसून राहिले." माझ्याही नावावर नाला पुसल्याची नोंद होतीच. आम्ही एकमेकांना इतकं कडक लिहू लागलो की एकदा तर मी "आपला विश्वासू" लिहायचंसुद्धा सोडून दिलं. आणि डोळ्यांची गाडी दिवाळीनंतर एकदाच पुन्हा आमच्या बाजूला यायची होती.

भाईनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "तू बी खरा, गुरुजी बी खरे. चोर तिसराच हाय. आधी बिघडवून दाखव." पण त्याच्या लॅपटॉपवर काही केल्या बिघडेना. तो नाला काढायचा, रस्ता काढायचा, जतन करायचा, दोन्ही जागच्या जागी. दुकानातल्या रजया विकल्या गेल्या, नव्या थप्प्या लागल्या, भाई त्याच रेषा काढत राहिला. शेवटी त्यानं नको असलेला निर्णय घेतला. "जागा पाहावी लागंल," तो म्हणाला, आणि अम्मींनी कपाळाला हात लावला.

अकोल्याहून गाडीत बसून त्याला बडनेऱ्याला उतरायचं होतं, मी तिथं उभा होतो. तो मांडीवरच्या पडद्यात मान घालून पुढे निघून गेला आणि चांदूर रेल्वेहून त्याचा फोन आला. "बडनेरा बदललं काय रे? स्टेशनवर नाव दुसरंच लिवलं हाय." दुपार उलटून गेल्यावर आम्ही फाट्यावर पोचलो. भादव्याचे दिवस, पांदणीत पोटरीभर पाणी वाहत होतं. भाई काठावर उभा राहून म्हणाला, "हा तं नाला हाय. रस्ता कुठं हाय?" मी म्हटलं, "हाच." तो म्हणाला, "अबे, तो बाजूनं असंल ना." तेवढ्यात समोरून शेजारच्या काकांची बैलगाडी पाणी उडवत आली, मागून गवताचे भारे घेतलेल्या बाया आल्या, आणि सगळ्यात शेवटी, पोराचा पाहुणा येणार म्हणून, एका बाईचा पदर धरून माझी आई. तिनं आवाजाच्या दिशेनं तोंड केलं. "पाण्याले बी हेच वाट अन् मानसाले बी हेच. बाजूनं कुठून निघंन बाप्पा, तिथं तं लोकायचं वावर हाय. एका जाग्यावर दोघं चालते, त्याच्यात काय झालं?"

भाई पँट वर करून पाण्यात उतरला. एक चप्पल गाळात गेली, ती मिळाली नाही, त्याला पर्वा नव्हती. मधोमध उभा राहून तो हसायला लागला. तो आजवर नाला काढायचा आणि शहाण्या माणसासारखा रस्ता त्याच्या शेजारून काढायचा. मी आणि गुरुजी मात्र रस्ता अन् नाला खरे जिथं आहेत तिथंच, अगदी त्याच ठिपक्यांवरून, एकावर एक काढत होतो. घरी येऊन त्यानं ओल्या पायांनी ओसरीवर बैठक मारली, आईच्या सांगण्याप्रमाणे नाल्याच्या अंगावरूनच रस्ता काढला आणि जतन केलं. नाला गायब. भाई ओरडला, "बिघडलं! माय, बिघडलं!" आई चुलीपासून धावत, चाचपडत आली, "अरे मायबाई, काय तुटलं? म्या तं हात बी नाही लावला!" एवढ्या आनंदानं काही बिघडल्याचं सांगणारा माणूस तिनं पाहिला नव्हता.

एडिटर एकाच जागेवरच्या दोन रेषा पाहिल्या की एक चुकून दोनदा काढली असं समजायचा आणि आधीची गुपचूप गिळायचा. भाईनं दुरुस्ती करून पाठवली तर बग काढणाऱ्या मंडळींतल्याच एका परदेशी जाणकारानं हरकत घेतली, की एकच जागा रस्ता आणि नाला कशी असेल, काढणाराच चुकला असेल. भाईनं वाद घातला नाही. पाण्यातून येणाऱ्या बैलगाडीचा फोटो पाठवला आणि खाली लिहिलं, इथं पाणीही रस्त्यानंच जातं आणि पावसाळा सरला की रस्ता मोकळा करून देतं. मला वाटतं, ती आईचीच भाषा होती. दुरुस्ती मंजूर झाली. गुरुजींनी मला लिहिलं, "नाला पाह्यला. रस्ता बी पाह्यला. दोन्ही झकास हायेत. राग सोडा." मी "आपला विश्वासू" पुन्हा सुरू केलं.

दिवाळीनंतर गाडी आली. फाट्यावर न थांबता, धूळ उडवत, कोरड्या पांदणीतून सरळ आमच्या दारात. आईला घेऊन गेली, ऑपरेशन झालं, आणि डोळ्याची पट्टी सुटली तेव्हा तिनं आधी मला पाहिलं आणि म्हणाली, "वाळला रे तू." मग विचारलं, "तो एका चपलीचा पोरगा कुठं हाय?"

तो आता हैदराबादला असतो आणि तिथंही हरवतो, असं रूममेट सांगतो. आमच्या पांदणीवर खडी पडली, बाजूनं नाली खोदली, पाणी वेगळं झालं, बैलगाड्याही कमी झाल्या. आईला बरं वाटतं, आणि भादव्यात कधीकधी ती दारात उभी राहून उगाच तिकडं पाहत राहते. पण मागं भाईनं फोनवर एक गोष्ट सांगितली. कुठलाही बग काढला की पुन्हा तो येऊ नये म्हणून प्रोग्रॅममध्ये एक तपासणी ठेवतात, एक छोटासा नकाशा. जगात कुणीही त्या एडिटरमध्ये काही बदललं की आधी त्या नकाशावर चालवून पाहतात, आणि तो नीट राहिला तरच पुढं जाऊ देतात. त्यानं ठेवलेला नकाशा आमच्या पांदणीचा आहे, नाव आमच्या गावाचं. तिथं अजून पोटरीभर पाणी वाहतं आणि त्याच पाण्यातून रस्ता जातो. कोणत्या कोणत्या देशातली माणसं रोज आमच्या गावावरून जातात, त्यांना ठाऊकही नसेल. आता कुणी "तू कुठला?" विचारलं की मी गावाचं नाव मोठ्यानं सांगतो.