कोऱ्या रॅममधले अडतीस बाइट

९ जानेवारी २०२४, मंगळवार, सकाळी अकरा वाजून दहा मिनिटे. स्थळ — शहागडच्या शिवारात आमच्या विहिरीलगतची पत्र्याची खोली.

भूत, संकेत, पूर्वसूचना... यांपैकी कशावरही माझा कधी विश्वास नव्हता. तंत्रनिकेतनात एकतीस वर्षे मी संगणकाची रचना शिकवली. घडले ते जसेच्या तसे लिहितो.

महाविद्यालयाने भंगारात काढलेला आठ बिटांचा एक प्रशिक्षण-संच निवृत्तीनंतर मी शेतावर आणला. उघडा बोर्ड, त्यावर प्रोसेसर, थोडी रॅम, बटणे आणि तांबड्या आकड्यांचा डिस्प्ले. टाकीतले पाणी उतरले की त्याने रिले, म्हणजे विजेवर चालणारा स्विच, जोडावा आणि विहिरीतली मोटार सुरू व्हावी, एवढेच काम. त्यासाठीचा अडतीस बाइटांचा प्रोग्राम रॅममध्ये, पत्ता २००० पासून. रॅम वीज असेपर्यंतच लक्षात ठेवते. वीज गेली की सारे पुसले जाते. परत आली की प्रोसेसर शून्य पत्त्यापासून, म्हणजे रॉममधल्या कायमच्या सूचनांपासून सुरू होतो आणि कुणीतरी बटण दाबण्याची वाट पाहतो. म्हणून प्रत्येक वेळी वहीत पाहून ते बाइट मी हाताने भरत असे. पाव तास लागे.

त्या दिवशी पावणेअकराला वीज गेली. माझा पुतण्या विलास मोटारीचा दांडा पंपाशी जोडणारे कपलिंग बदलण्यासाठी विहिरीत उतरणार होता.

“काका, फ्यूज काढून ठिवू का?”

“गरज नाही. रॅम कोरी झाली आहे. वीज आली तरी मी प्रोग्राम भरेपर्यंत मोटार हलणार नाही.”

“बघा बरं. तुमच्यावानी तुमचं मशीन बी रिटायर झाल्यालं हाय.”

“उतर.”

आमच्याकडे विहिरीत उतरणारा माणूस आधी फ्यूज काढून स्वतःच्या खिशात घालतो. ती पद्धत मी मोडली. विषय मला येतो, एवढ्याच बळावर.

मी खोलीत एकटा बसलो होतो. वरचा बल्ब बंद होता. अकरा दहाला डिस्प्ले उजळला. आधी २. जरा थांबून ०. पुन्हा थांबून ०... प्रत्येक आकड्यानंतर थांबायचे, डिस्प्ले पाहायचा, मगच पुढचे बटण — ही शिस्त मी विद्यार्थ्यांना लावली होती. माझे बोट तसेच चालते. त्या वेळी माझे दोन्ही हात मांडीवर होते.

चौथा आकडा उमटला: २०००, माझ्या प्रोग्रामचा पत्ता. रिले खट्कन जोडला गेला.

बल्ब अजून बंदच. म्हणजे वीज आली नव्हती; पण येईल त्या क्षणी मोटार फिरणार होती, आणि विलासचे हात कपलिंगमध्ये होते. हाक मारण्याइतका वेळ नव्हता. मी मोटारीचे फ्यूज उपसले. एक... दोन... तिसरा हातात आला आणि बल्ब लागला.

थोड्या वेळाने विलास वर आला.

“फ्यूज कशाला काढले वो? तुम्हीच म्हनले, गरज न्हाई.” मग त्याने डिस्प्ले पाहिला. “हे तर चालू हाय की. इतक्या जल्दी परत भरलं?”

“मी हात लावलेला नाही.”

“चेष्टा करून राह्यले का काका?” तो हसला. मग माझ्या मुठीतले फ्यूज त्याने पाहिले आणि तो खाली बसला.

वही उघडून मी रॅम तपासली. अडतीसच्या अडतीस बाइट जागेवर. संचात बॅटरी नाही. पुढे अनेकदा वीज तोडून पाहिली. प्रत्येक वेळी रॅममध्ये निरर्थक आकडे मिळाले.

विलास म्हणतो, कुणीतरी इशारा दिला. मला ते मान्य करता येत नाही. काहीच घडले नसते, तर वीज आल्यावरही मोटार स्तब्धच राहिली असती. धोका त्या रिलेनेच निर्माण केला. तो प्रोग्राम ज्याने चालवला, त्याला विलास खाली आहे हे ठाऊक होते काय — हा विचार मी पुढे नेत नाही. स्पष्टीकरण माझ्याकडे नाही.

त्याच दिवशी दुपारी चार वाजता रिलेकडून मोटारीच्या स्टार्टरकडे जाणारी तार मी कापली, दोन्ही टोकांना टेप गुंडाळली आणि स्टार्टरला हाताने दाबायचे साधे बटण बसवले.