उमरेडकरकाकांचा घाम

व्यायामाने माणसाची प्रतिकारशक्ती वाढते, हे आता विज्ञानानंही मान्य केलं आहे. मनोहरकाका उमरेडकरांना ते विज्ञानाच्या बरंच आधी ठाऊक होतं. विज्ञानाला कळवायचं तेवढं राहून गेलं होतं.

अमेरिकेत, मॉरिसव्हिलमधल्या आमच्या वसाहतीच्या क्लबहाउसमध्ये ते रोज सकाळी सूर्यनमस्कारांचा वर्ग घेत. नागपूरहून निवृत्त होऊन मुलीकडे, अश्विनीकडे, राहायला आलेले. बाहेर गाड्यांच्या काचांवर बर्फ असला तरी अंगात बनियनच. वर्गात कुणी शिंकलं किंवा आदल्या दिवशी आलेलं नसलं की ते थांबायचे आणि सगळ्यांसमोर विचारायचे, "काय बापा, बसून होता का काल?" त्यांचा सगळा सिद्धान्त एका दमात मावायचा: "आजार बसलेल्याच्या घरी येते. चालत्या माणसाचा त्याला पत्ता सापडत नाही."

मी इथल्या एका प्रयोगशाळेत श्वसनसंसर्गांवर काम करतो, म्हणून त्या सिद्धान्तावर शिक्का मारायचं काम माझ्याकडे आलं. नवा माणूस आला की ते म्हणत, "हा आपला सायंटिस्ट. सांग रे याला." मी सांगायचो, नियमित आणि झेपेल इतक्या व्यायामाने रक्तातल्या पहारेकरी पेशी जास्त फिरत्या राहतात, सर्दी-पडसं बहुधा सौम्य होतं; पण... या 'पण'च्या आधीच काका टाळ्या वाजवायचे. व्यायाम म्हणजे चिलखत नव्हे, अंगात ताप असताना दमवणारा व्यायाम करू नये, हा उरलेला भाग मी बूट घालता घालता कुणाला तरी ऐकवत असे.

रथसप्तमीला एकशे आठ नमस्कारांचा कार्यक्रम होता. त्या सकाळी काकांचा आवाज बसला होता, मधूनच खोकतही होते. अश्विनी म्हणाली, "बाबा, आज कॅन्सल करू या ना." घाम निघाला की खोकला जातो, असं त्यांनी तिला सांगितलं. मी शेजारीच उभा होतो. कार्यक्रमाचा विरस नको म्हणून गप्प राहिलो. नमस्कार झाले, घाम निघाला, आणि दुसऱ्या दिवशी त्यांचा खोकला खरोखरच गेला. त्याच आठवड्यात पहिल्या रांगेतल्या नलूमावशी न्यूमोनियाने हॉस्पिटलात गेल्या. त्यांना ऑक्सिजन लावला होता, आणि त्या वाचतील की नाही हे सांगायला कुणी तयार नव्हतं.

काका माझ्या घरी आले. "माझ्यापासून गेलं असंन का तिला?"

शक्य आहे, मी म्हणालो. कमावलेलं शरीर आजाराला आत लवकर आवरतं. पण तोवर श्वासावाटे जो बाहेर जायचा तो जातोच. या वेळी त्यांनी 'पण'नंतरचंही सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "म्हणजे माझी तब्येत चांगली, हाच घोटाळा झाला. धड आजारी पडलो असतो तर घरी राहिलो असतो."

त्यांनी वर्ग बंद केला, स्वतःचे नमस्कारही सोडले. अश्विनी मला म्हणाली, "बाबा दिवसभर सोफ्यावर असतात, यार. मला वाटतं, ते आजारी पडायचा प्रयत्न करताहेत." तेही जमत नव्हतं.

मावशी वाचल्या. त्या घरी आल्यावर काकांना मीच गाडीतून घेऊन गेलो. वाटेत त्यांनी मनाशी भाषण जुळवलं होतं. "वहिनी, मी तुमचा अपराधी आहे," इथवर ते आले तेव्हा मावशींनी हात वर करून थांबवलं. बोलताना त्यांना अजून धाप लागत होती.

"मनोहरराव, तुमच्याकडून आलं की नातीच्या शाळेतून, देवाला माहीत. मला आदल्या दिवसापासूनच कणकण होती."

"मग आल्या काहून?"

"नसते आले, तर दुसऱ्या दिवशी चारचौघांत विचारलं असतंत ना, बसून होता का म्हणून."

काकांनी उरलेलं भाषण केलं नाही. विषाणूबद्दल माफी मागता येते. ऐटीत फेकलेल्या वाक्याबद्दल ती कशी मागायची, हे त्यांना सुचलं नसावं. त्या वाक्यावर हसणाऱ्यांत मी होतोच. परतताना गाडीत ते एवढंच म्हणाले, "त्या बाईनं ताप अंगावर काढला तो माह्या जिभेला भिऊन."

पुढच्या थंडीत वर्ग पुन्हा सुरू झाला. तो काकांचा शेवटचा हिवाळा. उन्हाळ्यात नागपूरला गेले असताना हृदयविकाराने ते वारले. त्या हिवाळ्यात मात्र रोज दाराशी उभे राहून ते प्रत्येकाला बाजूला घेऊन हळूच विचारत, घसा बरा आहे ना. बरा नसेल तर घरी जा, पडून राहा, इथे तुम्हाला कुणी काही म्हणणार नाही. या नियमाचा परिणाम लगेच दिसून आला. कडाक्याच्या थंडीत निम्मा वर्ग घसा दुखतो म्हणून घरी राहू लागला. त्यातल्या काहींचा खरोखरच दुखत होता.